पाहुणे वाटेत आहेत : लाहोर, मे २००७

४ मे, शुक्रवार

दिल्लीहून पहाटे सुटलेली बस अटारी आणि वाघा या दोन्ही ठिकाणच्या तपासण्या उरकून लाहोरात शिरली तेव्हा दिवस कलला होता, तरी रस्त्याच्या डांबरातून उष्मा वर येतच होता. माझा व्हिसा लाहोर शहरापुरताच होता आणि कामही तेवढेच होते. राजगुरुनगरच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या माणसाने शिवराम हरी राजगुरूंच्या खटल्याचे कागद वाचलेले असावेत, यात विशेष काही नाही. पण तो खटला जेथे चालला ते पूंछ हाउस आणि २३ मार्च १९३१ रोजी जेथे फाशी दिली गेली ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असे बरीच वर्षे मनात होते. याच खटल्याच्या निमित्ताने लाहोर उच्च न्यायालयातील एका वकिलांशी पत्रव्यवहार झाला होता आणि त्यांनीच यजमानपण पत्करले होते.

ते मला न्यायला आले ते काळ्या कोटातच. सामान गाडीत टाकण्याआधीच त्यांनी सांगून टाकले, "वकीलसाहेब, उद्या पूंछ हाउस नाही. उद्या चीफसाहेब येताहेत. तुम्हीही आमच्या बाररूममध्येच, वकिलांच्या दालनातच, या."

चीफसाहेब म्हणजे पाकिस्तानचे सरन्यायाधीश इफ्तिखार मुहम्मद चौधरी. ते पदावर होते की नव्हते, याचे उत्तर त्या दिवसांत तुम्ही कोणाला विचारता यावर अवलंबून होते. ९ मार्चला राष्ट्राध्यक्ष आणि लष्करप्रमुख जनरल परवेझ मुशर्रफ यांनी त्यांना रावळपिंडीच्या लष्करी निवासस्थानी बोलावले आणि गुप्तचर संस्थांच्या प्रमुखांच्या देखत राजीनामा मागितला. मागणारा गणवेशात होता. चौधरींनी नकार दिला. त्यांना कित्येक तास तेथेच बसवून ठेवले गेले आणि तेवढ्या अवधीत इस्लामाबादला कार्यवाहक सरन्यायाधीशांचा शपथविधी उरकण्यात आला. ज्येष्ठताक्रमाने तो मान न्या. राणा भगवानदास यांचा होता. ते त्या वेळी तीर्थयात्रेसाठी भारतात आलेले होते, म्हणून पुढच्या क्रमांकाच्या न्यायाधीशांना शपथ देण्यात आली. भगवानदास परतल्यावर मार्चअखेर तो कार्यभार त्यांच्याकडे आला. चौधरींवरचे आरोप राज्यघटनेच्या २०९व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायिक मंडळापुढे पाठवण्यात आले आणि निकाल लागेपर्यंत त्यांनी काम पाहू नये, असे ठरवण्यात आले. म्हणजे बडतर्फ नाहीत, निवृत्त नाहीत, राजीनामाही नाही.

आरोप काय होते, यापेक्षा ते त्याच वर्षी का सुचले, याचीच चर्चा बाररूममध्ये अधिक होती. पाकिस्तान स्टील मिल्सची विक्री २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती. गुप्तचर यंत्रणांनी उचलून नेलेल्या आणि पुढे पत्ता न लागलेल्या माणसांविषयी न्यायालय सरकारला प्रश्न विचारू लागले होते. आणि २००७ हे निवडणुकीचे वर्ष होते. मुशर्रफ यांना गणवेश न उतरवता पुन्हा राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते, तो प्रश्न न्यायालयापुढे येणार हे शेंबडे पोरही सांगू शकले असते.

मॉल रोडवरून जाताना यजमानांनी उच्च न्यायालयाची लाल विटांची इमारत दाखवली. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली, कमानी आणि मनोऱ्यांची. मुंबईचे उच्च न्यायालय पाहिलेल्या माणसाला तिचे दगडाऐवजी विटांत असणेच तेवढे वेगळे वाटते. याच रस्त्यावर १२ मार्चला वकिलांच्या मोर्चावर लाठीमार होऊन अनेकांची डोकी फुटली होती. त्याच आठवड्यात बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, आवारात अश्रुधुराच्या नळकांड्या पडल्या होत्या. फाटकाजवळ काळे झेंडे आणि स्वागताचे फलक एकत्र लागले होते. फलकांवर चौधरींच्या नावाआधी 'चीफ जस्टिस ऑफ पाकिस्तान' असेच छापलेले होते, 'माजी' नव्हे, 'निलंबित' नव्हे. "हे छापण्यावरून भांडण नाही का झाले?" असे मी विचारले. यजमान म्हणाले, "भांडण कसले? घटनेप्रमाणे तेच आहेत. आम्ही घटनाच छापली."

५ मे, शनिवार

सकाळी बाररूममध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यातल्या टेलिव्हिजनवर इस्लामाबादचे थेट चित्रण चालू होते : पांढऱ्या-काळ्या पोशाखातल्या वकिलांचा गराडा आणि त्यातून मुंगीच्या गतीने सरकणारी एक मोठी गाडी. चाकावर स्वतः ऐतजाज अहसन बसले होते. हे चौधरींचे वकील. एके काळी देशाचे गृहमंत्री राहिलेले आणि पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातल्या घराण्यातले. आपल्या अशिलाची गाडी आपणच हाकणारा ज्येष्ठ वकील मी तरी आजवर पाहिला नव्हता. पण तो दिखाऊपणा नव्हता. चालकाला धमकावता येते, गाडी वळवायला लावता येते. सर्वोच्च न्यायालयातल्या नामांकित वकिलाच्या बाबतीत ते इतके सोपे नसते.

येथे रस्त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या दिवशीची सगळी गोष्ट रस्त्याच्या निवडीतच होती. इस्लामाबादहून लाहोरला यायला १९९७ पासून एम-२ हा द्रुतगती महामार्ग आहे. तो लांबचा असला तरी वेगाचा आहे, कुंपण घातलेला आहे, आणि वाटेत गाव लागत नाही. विमान तर तासाभराचेही नाही. वकिलांनी या दोन्ही सोयी सोडून जुना जीटी रोड, म्हणजे शेरशाहच्या नावाने ओळखला जाणारा ग्रँड ट्रंक रोड धरला होता. रावळपिंडी, गुजरखान, सोहावा, दीना, झेलम, सराय आलमगीर, खारियां, लालामूसा, गुजरात, वजीराबाद, गुजरांवाला, कामोके, मुरीदके, शाहदरा आणि मग रावीचा पूल : पंजाबचा हा सगळा भरवस्तीचा कणा त्या रस्त्यावर आहे आणि यातल्या बहुतेक गावांत न्यायालय आहे, म्हणजे बार आहे, म्हणजे हार घेऊन उभे राहायला काळ्या कोटातली माणसे आहेत. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एरवी चार-पाच तास पुरतात. त्या हिशेबाने पाहुणे दुपारच्या जेवणाला लाहोरात असायला हवे होते.

पण निमंत्रण पाहा. ते लाहोर उच्च न्यायालय बार असोसिएशनचे होते आणि त्यात लिहिले होते एवढेच, की माननीय सरन्यायाधीश बारच्या सदस्यांना संबोधित करतील. सभा नव्हे, मोर्चा नव्हे, मेळावा नव्हे. चौधरींवरचे प्रकरण न्यायिक मंडळापुढे प्रलंबित असल्याने त्यांनी त्यावर बोलणे अप्रशस्त ठरले असते, आणि न्यायाधीशाने राजकीय व्यासपीठावर जाणे तर त्याहून अप्रशस्त. त्यामुळे आंदोलनाच्या नेत्यांनी आखलेली रीत अशी होती, की बारने रीतसर बोलवायचे, सरन्यायाधीशांनी रीतसर यायचे, राज्यघटना आणि न्यायव्यवस्था यांवर लिखित भाषण वाचायचे आणि परत जायचे. रस्त्यात लोक उभे राहिले तर तो लोकांचा प्रश्न. रावळपिंडी, सक्कर, हैदराबाद आणि पेशावर येथे हे याआधी झाले होते. एखाद्या न्यायाधीशाने बारच्या समारंभाला जाणे बेकायदा ठरवायचे कसे, या पेचात सरकार सापडले होते. विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांची धरपकड मात्र आदल्या दोन-तीन दिवसांपासून चालू होती, असे यजमान सांगत होते. जो भाग निमंत्रणपत्रिकेत नव्हता, तेवढाच सरकारच्या हाताला लागत होता.

दुपार झाली. हिरवळीवर शामियाना होता, पंखे होते, पण मे महिन्यातल्या लाहोरच्या उन्हापुढे पंखा केवळ गरम हवा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. लाल सरबताचे पिंप सारखे भरले आणि रिकामे होत होते. टेलिव्हिजनवर दिसणारी गाडी अजून रावळपिंडीच्या शिवाराबाहेर फारशी गेलेली वाटत नव्हती. कोणी म्हणाले गुजरखान आले, कोणी म्हणाले अजून रवात. गाडीच्या काचेवर गुलाबाच्या पाकळ्यांचा थर बसला होता, आणि ऐतजाज वायपर चालवून त्यातून फट पाडत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पक्षांचे झेंडेही दिसू लागले : पीपल्स पार्टी, नवाझ शरीफांची मुस्लिम लीग, जमात-ए-इस्लामी. एरवी एका सतरंजीवर न बसणारे हे लोक एका गाडीमागे चालले होते. पालखी कोणत्या गावी कधी पोहोचेल ते घड्याळावर नव्हे, वाटेतल्या गावांच्या आदरातिथ्यावर ठरते, हे देहू-आळंदीच्या पट्ट्यात वाढलेल्या मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणखी एक विसंगती तेथे कोणाच्याच नजरेतून सुटली नव्हती. हे सगळे घराघरांत थेट दाखवणाऱ्या खासगी वाहिन्या मुशर्रफ यांच्याच राजवटीत, त्यांच्याच परवान्यांनी सुरू झालेल्या होत्या. एका तरुण वकिलाने पडद्याकडे बोट दाखवून म्हटले, "जनरलसाहेबांनी आम्हाला दिलेली ही एकच उपयोगी वस्तू."

संध्याकाळी न्यायाधीश येऊ लागले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मला त्या दिवसातले सर्वांत धोक्याचे कृत्य हेच वाटले. लाहोर उच्च न्यायालयाचे अनेक विद्यमान न्यायाधीश आपापल्या गाड्यांतून आले आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी थांबून राहिले. वकिलाला लाठी बसली तर तो दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा येऊ शकतो. न्यायाधीशाची मात्र खुर्चीच जाते. याच न्यायालयाचे न्या. जवाद ख्वाजा यांनी मार्चमध्येच निषेध म्हणून राजीनामा दिला होता. आलेल्यांपैकी कोणीही घोषणा दिली नाही, कोणीही माइक हाती घेतला नाही. ते केवळ हजर राहिले. समारंभ बारचा होता, आणि बारच्या समारंभाला न्यायाधीशांनी जाणे ही परंपराच आहे.

रात्री दहाच्या सुमारास गाडी नेमकी कोठे आहे, यावर हिरवळीवर चार मते होती. फोन लागत होते, तुटत होते. मी एका वयस्क वकिलांजवळ बसलो होतो. त्यांनी लाहोरात फाळणीनंतरची सगळी सरकारे पाहिली होती आणि आंदोलनाविषयी त्यांचा उत्साह बेताचाच होता. त्यांनी मला पाकिस्तानच्या न्यायालयांचा इतिहास, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसा, एकेक निकाल समोर ठेवून सांगितला. १९५४ मध्ये घटना समिती बरखास्त झाली, तेव्हा मौलवी तमीजुद्दीन यांच्या प्रकरणात १९५५ मध्ये न्या. मुहम्मद मुनीर यांनी गव्हर्नर जनरलची बाजू उचलून धरली. १९५८ मध्ये आयुबखानांचा लष्करी कायदा दोसो प्रकरणात वैध ठरला. १९७७ मध्ये जनरल झियांचा उठाव नुसरत भुट्टो यांच्या याचिकेत 'गरजेच्या तत्त्वा'वर, म्हणजे परिस्थितीची निकड म्हणून, पचवला गेला. अपवाद एकच : १९७२ मध्ये लाहोरच्याच अस्मा जिलानी या तरुण मुलीने वडिलांच्या स्थानबद्धतेविरुद्ध चालवलेल्या प्रकरणात याह्याखानांना सत्ता बळकावणारे ठरवले गेले. "पण तारीख पाहा," ते म्हणाले, "याह्याखान त्याआधीच गेले होते. आमच्या न्यायालयाला धैर्य येते, पण जनरल घरी गेल्यानंतर."

मी विचारले, "आणि आज ज्यांची वाट पाहतो आहोत, ते?"

"१२ मे २००० चा निकाल काढून वाचा. जफर अली शाह प्रकरण. मुशर्रफना तीन वर्षे दिली, वर घटनेत दुरुस्ती करण्याचा अधिकारही दिला. त्या खंडपीठावर हेही होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत जनरलच्या हंगामी आदेशाखाली शपथ घेणाऱ्यांत हेही होते."

हे खरेच होते, आणि गंमत म्हणजे तेथे ते कोणी नाकारतही नव्हते. मागे उभा असलेला एक पोरगेला वकील एवढेच म्हणाला, की आपल्याला पीर नको आहे, 'नाही' म्हणणारा एक माणूस हवा होता, तो मिळाला. क्वेट्ट्यात जन्मलेल्या, बलुचिस्तानच्या बारमधून वर आलेल्या, ९ मार्चपर्यंत सामान्य माणसाला ज्यांचा चेहराही ठाऊक नव्हता अशा न्यायाधीशाला या लोकांनी आपल्या गरजेपुरते मोठे केले होते आणि ते जाणूनबुजून केले होते. मला वयस्क वकिलांचा इतिहास बिनतोड वाटला आणि त्या पोराचे म्हणणेही पटले. दोन्ही एकाच वेळी खरे असायला काही हरकत नाही.

त्यांचे निकालांचे प्रकरण संपल्यावर मी माझ्या गाठोड्यातला एक निकाल काढला. लाहोर कटाच्या खटल्यासाठी व्हाइसरॉयने मे १९३० मध्ये वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे खास न्यायाधिकरण नेमले. आरोपींच्या गैरहजेरीत काम चालवण्याची सोय त्यात होती आणि त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील नव्हते. १२ मे १९३० रोजी भर न्यायालयात आरोपींना बेड्या घालून मारहाण झाली. तेव्हा त्या तिघांपैकी एक असलेले न्या. आगा हैदर यांनी अध्यक्षांच्या आदेशाशी आपला संबंध नाही, असे नोंदवून ठेवले. पुढच्याच महिन्यात न्यायाधिकरणाची फेररचना झाली आणि आगा हैदर तीत नव्हते. आमच्या तालुक्याच्या राजगुरूंना ज्या न्यायाधिकरणाने फाशी सुनावली ते आगा हैदरविना बसलेले होते. वयस्क वकील काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "जनाब, हे उदाहरण आमच्या पोरांना सांगा. उच्च न्यायालयाची इमारत हीच होती. माणूस याच न्यायालयाचा होता."

मध्यरात्र उलटली. पाहुणे अजून गुजरांवालाच्याही अलीकडेच असल्याची बातमी आली आणि कोणी घरी जाईल असे वाटले. उलट गर्दी वाढली. देगांतून पुलाव वाढला जात होता. वकिलांचे कोट खुर्च्यांच्या पाठींवर लटकत होते. दर अर्ध्या तासाने कोणीतरी एक ओळ उचलायचे, "चीफ तेरे जाँनिसार", आणि हिरवळीच्या दुसऱ्या टोकाहून उत्तर यायचे, "बेशुमार, बेशुमार" : चीफ, तुझ्यावर जीव ओवाळणारे अगणित आहेत. मंचावरून वेळोवेळी तेच सांगितले जात होते : पाहुणे वाटेत आहेत.

६ मे, रविवार

पहाटेची अजान झाल्यावर मॉलच्या बाजूने आवाज येऊ लागला. रावीच्या पुलापासून उच्च न्यायालयापर्यंत शहरातले अंतर आणखी किती वेळ खाणार, या चिंतेत सगळे असताना उजाडता उजाडता गाडी फाटकाशी आली. आदल्या सकाळी इस्लामाबाद सोडल्याला जवळजवळ चोवीस तास होत आले होते. फाटकातून हिरवळीपर्यंतच्या थोड्याशा अंतरालाही बराच वेळ लागला. ताजे मला कोणी दिसले नाही. गाडीतून उतरलेल्या माणसांचे डोळे तांबारलेले होते, ऐतजाज यांचा आवाज बसलेला होता, आणि आत वाट पाहणाऱ्यांची अवस्थाही वेगळी नव्हती. न्यायाधीश उभे राहिले. काही जणांनी पाहुण्यांना आलिंगन दिले.

आता भाषणाविषयी. रात्रभर जागलेल्या, घोषणांनी पेटलेल्या हजारो माणसांपुढे, सूर्य वर आल्यावर, इफ्तिखार चौधरींनी कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट, चेहरा गंभीर, बोलण्यात एकही टाळीचे वाक्य नाही. ९ मार्चचा उल्लेख नाही, मुशर्रफ यांचे नाव नाही, स्वतःवरच्या अन्यायाविषयी अवाक्षर नाही. घटनेचे श्रेष्ठत्व, कायद्याचे राज्य आणि मूलभूत हक्कांचे संरक्षण यांऐवजी हुकूमशाहीवर उभी राहिलेली राष्ट्रे आणि राज्ये नष्ट होतात, असे त्यांनी सांगितले. अधिकारांची विभागणी, न्यायपालिकेचे स्वातंत्र्य, बार आणि बेंच, म्हणजे वकील आणि न्यायाधीश, यांचे नाते हे विषय आले. आमच्याकडे जिल्हा बारच्या वार्षिक समारंभात पाहुण्या न्यायमूर्तींनी वाचावे तसेच ते भाषण होते.

वक्तृत्व म्हणून त्याला मी फार गुण देणार नाही. चार तरुण वकील माझ्या शेजारी बसल्या जागी झोपी गेलेले होते, हेही नोंदवतो. परंतु या माणसाने त्या पहाटे एक वाक्य जरी निमंत्रणपत्रिकेबाहेरचे उच्चारले असते, एकदा जरी मूठ वर केली असती, तर बारचा समारंभ राजकीय सभा झाला असता आणि समोर बसलेले न्यायाधीश त्या सभेचे भागीदार ठरले असते. त्यांनी त्या सर्वांना कायद्याच्या आडोशात ठेवले. घोषणा देणे गर्दीचे काम होते आणि गर्दी ते चोख करत होती. सकाळच्या उन्हात नीरस कागद वाचणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून हुकूमशाही हा शब्द आला तेव्हा जो कल्लोळ उठला, तो त्या शब्दाला पावणेतीनशे किलोमीटर चालत आणलेल्या लोकांचा होता.

समारंभ संपल्यावर मॉल रोडवर चपला, फुले आणि फाटक्या फलकांचा खच होता आणि महापालिकेचे झाडूवाले कामाला लागले होते. यजमानांनी मला हॉटेलवर सोडले. दुपारभर शहर झोपलेलेच असावे. मी तर होतोच.

७ मे, सोमवार

सकाळी अखेर मुलतान रोडवरचे पूंछ हाउस पाहिले. सरकारी कार्यालयांच्या कपाटांमागे तो खटल्याचा मोठा दालनवजा भाग तेव्हा अजून उभा होता. चौकीदाराने आत फार वेळ थांबू दिले नाही. तेथून शादमानला गेलो. जुना मध्यवर्ती तुरुंग १९६१ च्या सुमारास पाडला गेला आणि त्या जागेवर वसाहत उभी राहिली. फाशीचा चौथरा जेथे होता असे सांगतात तेथे आता वाहतुकीचा चौक आहे. रिक्षा, मोटारसायकली, कलिंगडाच्या गाड्या. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची कोणतीही खूण मला तेथे दिसली नाही. यजमान म्हणाले, की येथे नाव लागावे असे म्हणणारे लाहोरात आहेत, थोडे आहेत, पण आहेत.

परत येताना बाररूममध्ये पुन्हा गलका होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने न्यायिक मंडळापुढील कामकाजाला स्थगिती दिली होती आणि चौधरींची याचिका मोठ्या पीठापुढे ठेवण्याचे ठरले होते. जीटी रोडवरची गर्दी आणि ही स्थगिती यांचा काही संबंध होता का? कायद्याच्या पुस्तकात असा संबंध नसतो. बाररूममध्ये मात्र तो असल्याविषयी कोणालाही शंका नव्हती. पुढे २० जुलैला तेरा न्यायाधीशांच्या पीठाने चौधरींना पदावर परत बसवले आणि त्यांच्यावरचे आरोपपत्र दहा विरुद्ध तीन अशा मतांनी रद्द केले. नोव्हेंबरमध्ये मुशर्रफ यांनी आणीबाणी आणून त्यांना दुसऱ्यांदा, आणि या वेळी इतर अनेक न्यायाधीशांसह, काढले. २००९ च्या मार्चमध्ये ते पुन्हा परतले. पण ७ मेच्या दुपारी हे सगळे काळाच्या पोटात होते आणि मिठाईचे खोके उघडलेले होते.

वयस्क वकील कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. मिठाई त्यांनीही घेतली. "स्थगिती आहे, निकाल नाही," एवढेच त्यांनी मला ऐकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघालो. वाघ्याला सीमाशुल्क अधिकाऱ्याने पिशवीतली कागदपत्रे उलटीपालटी केली, त्यात बारची निमंत्रणपत्रिका होती. ती त्याने दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिले आणि परत ठेवून दिली.

१२ मे, शनिवार

हा दिवस लाहोरचा नाही, पण तो सोडून हे लेखन पुरे होत नाही. सरन्यायाधीश त्या दिवशी सिंध उच्च न्यायालयाच्या बारच्या निमंत्रणावरून कराचीला गेले. पत्रिका तशीच, मजकूर तसाच. राजगुरुनगरला घरी बसून मी दिवसभर वाहिन्यांवर पाहत होतो : विमानतळाकडे जाणारे रस्ते ट्रक आणि कंटेनर आडवे लावून बंद केलेले, सरकारात सामील असलेल्या मुत्ताहिदा कौमी मूव्हमेंटने त्याच दिवशी पुकारलेला मेळावा, आणि मग पुलांवरून चाललेला गोळीबार. आज टीव्हीच्या कार्यालयावर कित्येक तास गोळ्या झाडल्या जात होत्या आणि तेथील पत्रकार टेबलांखाली पडून बातमी देत होते. त्या दिवशी चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. चौधरी आणि त्यांचे वकील विमानतळाच्या बाहेर पडूच शकले नाहीत. रात्री त्यांना इस्लामाबादला परतावे लागले. त्याच संध्याकाळी मुशर्रफ इस्लामाबादच्या सभेत कराचीने लोकांची ताकद दाखवून दिल्याचे सांगत होते.

लाहोरला सरकारने रस्ता मोकळा सोडला म्हणून पाच तासांचे चोवीस तास झाले होते. कराचीत रस्ता बंद केला आणि समारंभच होऊ शकला नाही.

यजमानांना दोन दिवसांनी फोन लागला. देशभर हरताळ होता, ते नुकतेच मोर्चाहून आले होते. कराचीच्या बारमधले त्यांचे दोन परिचित सुखरूप होते, बाकीच्यांचे कळत नव्हते. मी विचारले, आता पुढच्या भेटी रद्द होतील का? ॲबटाबाद आहे, फैसलाबाद आहे, निमंत्रणे गेलेली आहेत, असे ते म्हणाले. एकच वाद निघाला होता : पत्रिकेवर समारंभाची वेळ छापायची की नाही. शेवटी छापली.